पट्टीवर भाव का नाही?

थोडं लांबलंय, आधीच सांगून ठेवतो. पण आपल्या वसई-विरारमध्ये कुठल्याही इमारतीत जा, कुणी ना कुणी 'एजन्सीतर्फे' कामाला असतोच. कुणी सिक्युरिटीत, कुणी हॉस्पिटलात, कुणी बँकेत डेटा एंट्रीला, कुणी माझ्यासारखा ड्रॉइंग करणारा. त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावं.

मी पाइपिंग ड्राफ्ट्समन आहे. कारखान्यात कुठला पाइप कुठून कुठे जाणार, वळण कुठे, व्हॉल्व्ह कुठे, याची ड्रॉइंगं करतो. 19 वर्षं हेच काम. त्यातली पहिली 12 वर्षं पगारी नोकरी, पुढची सगळी कंत्राटावर. म्हणजे काम एका मोठ्या कंपनीत, तिथल्याच खुर्चीवर, तिथल्याच साहेबाच्या हाताखाली. पैसे मात्र एजन्सी देते. कागदावर मी कुणाचाच नोकर नाही, 'कन्सल्टंट' आहे. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, आजारपणाची रजा नाही. गेलो तर तास भरतात, नाही गेलो तर नाही. विरारहून गाडीत बसायला मिळतं, एवढीच काय ती सोय.

माझा दर होता तासाला 450 रुपये. महिन्याचे 22 दिवस, दिवसाचे 8 तास, म्हणजे 176 तास. झाले 79,200. त्यातून 10 टक्के टीडीएस जाऊन हातात 71,280. वाईट नाही, असंच मीही म्हणायचो.

मग कराराच्या अकराव्या महिन्यात एक दिवस प्रिंटरवर गेलो. माझी ड्रॉइंगं घ्यायला गेलो होतो, वर दुसराच कागद पडला होता. आमच्या एजन्सीच्या नावाची परचेस ऑर्डर. त्यात माझं पद, माझे तास आणि समोर दर: 700 रुपये तासाला, जीएसटी वेगळा.

कागद जिथल्या तिथे ठेवला आणि टेबलावर येऊन बसलो. मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर उघडला. तासाला 250 चा फरक. महिन्याला 44,000. अकरा महिन्यांचे 4,84,000. एजन्सीनं माझ्यासाठी काय केलं होतं? एक बायोडेटा पुढे पाठवला होता आणि दर महिन्याला माझी टाइमशीट पुढे ढकलत होती.

त्या रात्री मला सारखी काकांची पट्टी आठवत होती.

आमचं मूळ घर निर्मळच्या बाजूला. काका मोगरा आणि थोडी भाजी करायचे. पहाटे टोपली गाडीत चढवून दादरच्या फूलबाजारात द्यायची, आडत्या विकायचा आणि मग पट्टी यायची. पातळ कागदाचा चिटोरा. त्यावर वजन, विक्रीचा भाव, एकूण रक्कम, मग खाली वजा: आडत, हमाली, भाडं. उरलेली रक्कम ती आपली. काका ती पट्टी ट्यूबलाइटखाली धरून दोनदा वाचायचे. आडत्या लबाडी करायचा का? करायचाच. भाव कमी दाखवायचा, वजनात मारायचा. पण कागदावर भाव लिहिलेला असल्यामुळे काका दुसऱ्या दिवशी शेजारच्या शेतकऱ्याला विचारू शकत होते, "तुला काय भाव लागला?" आणि मग दादरला जाऊन भांडू शकत होते. भांडायला आकडा होता.

आडतीवरून महाराष्ट्रात इतकी वर्षं रान पेटलं, तेही आडत पट्टीवर दिसत होती म्हणूनच. जुलै 2016 मध्ये सरकारनं फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला आणि आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरवलं. व्यापाऱ्यांनी बंद केले, वाद झाले. तो निर्णय किती पाळला जातो हा वेगळा विषय. पण वाद झाला तो उघड आकड्यावर झाला.

माझ्या पट्टीवर विक्रीचा भावच नाही. मी अडाणी नाही, डिप्लोमा केलाय, परदेशातल्या प्लँटची ड्रॉइंगं केलीयेत. आणि माझा माल बाजारात काय भावानं विकला जातो हे मला 11 महिने ठाऊक नव्हतं. काकांना रोज ठाऊक असायचं.

आता वाटाघाटींचं सांगतो, कारण बऱ्याच जणांनी मला इनबॉक्समध्ये तेच विचारलंय. पहिल्या खेपेला मी माती खाल्ली. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तडक एजन्सीला फोन लावला. "मॅडम, तुम्हाला माझे 700 मिळतात, मला 450 देता, हे कसं?" पलीकडे दोन सेकंद शांतता. मग आवाज एकदम बदलला. "हा आकडा तुम्हाला कुणी दिला? ही कॉन्फिडेन्शियल माहिती आहे. तुमच्या ॲग्रीमेंटचं कलम बघा." शिवाय, "आम्ही रिस्क घेतो. क्लायंट 90 दिवसांनी पैसे देतो. मार्केट रेट हाच आहे." मी गप्प. वर असंही ऐकवलं की करार संपल्यावर 12 महिने मला त्या कंपनीत थेट किंवा दुसऱ्या एजन्सीतर्फे काम करता येणार नाही, तशी माझी सही आहे.

सही होती. 14 पानांचा करार मी प्लॅटफॉर्मवर उभा राहून, मोबाइलवर, शेवटच्या पानावर जाऊन 'स्वीकार' दाबून केला होता. आपल्यापैकी किती जणांनी असंच केलंय, प्रामाणिकपणे सांगा.

त्या रविवारी करार घेऊन शाळेतल्या एका मित्राकडे गेलो. तो वसई कोर्टात वकिली करतो. त्यानं पेन घेऊन खुणा करायला सुरुवात केली आणि पहिलंच म्हणाला, "अरे, यात तुझ्या दरापेक्षा वाईट गोष्टी आहेत. तू नुसता दर बघतोयस."

त्यानं दाखवलेल्या गोष्टी सांगतो.

पहिली, पैसे कधी. करारात लिहिलं होतं: क्लायंटकडून रक्कम आल्यानंतर 7 दिवसांत. म्हणजे क्लायंटनं 90 दिवस लावले तर मी 97 दिवस थांबायचं. मग एजन्सीची रिस्क कुठली? रिस्क तर माझ्या गळ्यात. मी घरी येऊन हिशेब केला. समजा एजन्सीनं खरंच माझे 79,200 रुपये 90 दिवस आपल्या खिशातून दिले असते, तर 12 टक्के व्याजानं त्यांना सुमारे 2,340 रुपये पडले असते. त्या नावाखाली 44,000 जात होते. माणूस शोधणं, ऑफिस, कारकुनी, बुडीत रक्कम, त्यांचा नफा, हे सगळं मला मान्य आहे. फुकट कुणी धंदा करत नाही. पण जी रिस्क घेतलीच नाही तिचे पैसे कसले?

दुसरी, काढून टाकणं. मला सोडायचं तर 30 दिवसांची नोटीस, नाही दिली तर महिन्याचे पैसे जप्त. त्यांना मला काढायचं तर 'तत्काळ'.

तिसरी, ते 12 महिन्यांचं बंधन. मित्र हसला. म्हणाला, भारतीय करार कायदा 1872 चा आहे, त्याचं कलम 27 वाच. कुणालाही कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. मग त्यानं झहीर खानचं प्रकरण सांगितलं. आपला श्रीरामपूरचा झहीर. त्याचाही एका एजन्सीशी करार होता, जाहिरातींची कामं बघायला. तीन वर्षांची मुदत संपली. करारात कलम असं होतं की नंतरही दुसऱ्या कुणाशी ठरवायचं तर आधी या एजन्सीला संधी द्यायची. एजन्सी कोर्टात गेली. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं झहीरला अडवायला नकार दिला, कारण मुदत संपल्यावरही चालू राहणारं असं बंधन कलम 27 पुढे टिकत नाही. काम चालू असतानाची बंधनं वेगळी, ती पाळावी लागतात.

पण मित्रानं लगेच पुढचंही सांगितलं, आणि ते जास्त महत्त्वाचं. "तुला ते अडवू शकणार नाहीत. पण क्लायंटनं एजन्सीला लिहून दिलं असेल की तुमचा माणूस आम्ही परस्पर घेणार नाही, तर क्लायंटच तुला दारात उभा करणार नाही. तो करार तुझा नाही, त्या दोघांचा आहे. आणि तो तू कधी पाहणारही नाहीस." थोडक्यात, कायदा माझ्या बाजूनं आणि दार तरी बंदच.

चौथी गोष्ट माझ्या सीएनं सांगितली. उद्यम नोंदणी केलीय का? मला वाटायचं ते कारखान्यांसाठी, वालीव-गोखिवऱ्याच्या गाळेवाल्यांसाठी. तर नाही. सेवा देणारा एकटा माणूससुद्धा सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदवता येतो, ऑनलाइन, फुकट. 2006 च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे अशा उद्योगाचे पैसे ठरलेल्या तारखेला द्यावे लागतात आणि कराराने ती मुदत 45 दिवसांच्या पुढे नेता येत नाही. लेखी करार नसेल तर 15 दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीनं व्याज. शिवाय 2023 च्या वित्त कायद्यानं आणखी एक पाचर मारली. सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे या मुदतीत दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत देणाऱ्याला तो खर्च आयकरात वजा दाखवता येत नाही. सीए म्हणाला, "व्याजाला कुणी घाबरत नाही रे. पण हे वाक्य त्यांच्या अकाउंट्सवाल्याला बरोबर कळतं."

पंधरा दिवसांनी नूतनीकरणाची बोलणी होती. या वेळी फोन केला नाही. ईमेल केला, मग प्रत्यक्ष गेलो. 700 चा उल्लेखच केला नाही. प्रिंटरवरचा कागद काढून भांडलो असतो तर कागद कसा मिळाला यावरच बोलणं संपलं असतं. मी फक्त माझ्या बाजूचं मांडलं: दर 550. पैसे इनव्हॉइसपासून 30 दिवसांत, क्लायंटनं दिले असोत वा नसोत, सोबत उद्यम क्रमांक. नोटीस दोन्हीकडून सारखी. बंधनाचं कलम काढा. आणि शेवटी, मार्जिन किती ते लेखी द्या.

दीड तास चाललं. मॅडम वाईट नव्हत्या, त्यांनाही वर कुणाला तरी उत्तर द्यायचं होतं. शेवटी ठरलं ते असं. दर 520. पैसे 30 दिवसांत. नोटीस दोन्हीकडून 15 दिवस. बंधन 12 महिन्यांवरून 3 महिन्यांवर, तेही फक्त त्याच प्रोजेक्टपुरतं. मार्जिन लेखी द्यायला मात्र साफ नकार. "कुणालाच देत नाही सर."

महिन्याचे 79,200 चे 91,520 झाले. 12,320 ची वाढ. घरी पेढे नाही, पण अर्नाळ्याहून पापलेट आणलं.

इथे पोस्ट संपवली असती तर 'वाटाघाटी कशा कराव्यात' म्हणून तुम्ही शेअर केली असती. पण पुढचं सांगितल्याशिवाय मला ती टाकता येत नाही.

माझ्या शेजारच्या टेबलावर नालासोपाऱ्याचा एक मुलगा होता. 24-25 वर्षांचा, त्याच एजन्सीचा, दर तासाला 280. घरात आई आणि लहान बहीण, भाड्याची खोली. सकाळी गाडीत माझी जागा धरून ठेवायचा. माझं काम झाल्यावर एक दिवस चहाच्या टपरीवर मी त्याला सगळं सांगितलं. 700 चा आकडासुद्धा. सल्ला देताना माणसाला बरं वाटतं, तसं मला वाटत होतं. म्हटलं, "तूही बोल. घाबरू नकोस."

तो बोलला. माझ्यापेक्षा चांगलं बोलला असेल. पुढच्या सोमवारी तो स्टेशनवर दिसला नाही. संध्याकाळी त्याचा मेसेज आला: "दादा, उद्यापासून येऊ नको म्हणाले. रिक्वायरमेंट क्लोज झाली म्हणे." दहा दिवसांनी त्याच टेबलावर नवीन मुलगा बसला. रिक्वायरमेंट पुन्हा उघडली होती.

मला तेव्हा कळलं की माझी बोलणी का जमली. मी हुशार होतो म्हणून नाही. प्रोजेक्ट ऐन मध्यात होता, बांधकामासाठीची ड्रॉइंगं पाच आठवड्यांत द्यायची होती आणि ते थ्रीडी मॉडेल नीट हाताळणारा त्या मजल्यावर मी एकटा होतो. त्या पाच आठवड्यांपुरती माझी गरज त्यांना माझ्यापेक्षा जास्त होती. त्या मुलाच्या जागी दहा दिवसांत दुसरा मिळत होता. कलम 27 त्यालाही लागू, उद्यम नोंदणी त्यालाही मिळते. पण 'उद्यापासून येऊ नको' यावर त्यातलं काहीच चालत नाही.

म्हणून आता कुणी मला "कसं निगोशिएट करायचं" विचारलं की मी आधी विचारतो, तू गेलास तर त्यांचं किती दिवस अडेल? उत्तर 'एक दिवस' असेल तर बोलण्याचे डावपेच शिकून उपयोग नाही. तिथे नियम लागतो, सगळ्यांना एकच.

आणि असा नियम काही चंद्रावरून आणायचा नाहीये. आपल्याच राज्यात 1969 चा माथाडी कायदा आहे. अण्णासाहेब पाटलांनी ज्यांच्यासाठी आयुष्य घातलं ते हमाल. तिथेही मालक आणि कामगाराच्या मध्ये कुणीतरी आहेच, माथाडी मंडळ. मालक मजुरी मंडळात भरतो, शिवाय त्यावर ठरावीक टक्के लेव्ही भरतो, त्यातून भविष्य निर्वाह निधी, बोनस, रजेचे पैसे निघतात. लेव्ही किती टक्के हे जाहीर असतं. त्या मंडळांच्या कारभाराबद्दल तक्रारी आहेत, त्या आपण ऐकतोच. पण हमालाला आपल्या नावावर किती भरले गेले हे विचारायचा हक्क आहे. मी डिप्लोमावाला, मला नाही.

ब्रिटनमध्ये एप्रिल 2020 पासून एजन्सीला कामावर पाठवण्याच्या अटी ठरवण्याआधी माणसाच्या हातात एक छोटा कागद द्यावा लागतो: पैसे कोण देणार, कधी देणार, त्यातून काय काय कापलं जाणार, हातात किती पडणार, नमुना हिशेबासकट.

आपल्याकडे सप्टेंबर 2023 मध्ये सरकारी कामांसाठी बाहेरच्या एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा जीआर निघाला, मोठा गदारोळ झाला आणि ऑक्टोबरमध्ये तो मागे घेतला गेला. तेव्हा मीही रागानं दोन पोस्टी टाकल्या होत्या. पण जीआर गेला म्हणून एजन्सी गेल्या नाहीत. सरकारी, निमसरकारी, खासगी, सगळीकडे त्या आहेत आणि राहणार आहेत. मग निदान पट्टी तरी नीट करा. प्रत्येक कंत्राटी माणसाच्या बिलावर दोन आकडे हवेत: तुझ्यासाठी आम्हाला मिळाले इतके, तुला दिले इतके. मार्जिनला मर्यादा घालायची की नाही हा वाद नंतर घालू. आधी ते दिसू दे.

तोपर्यंत जे हातात आहे ते सांगतो. ज्यांची एजन्सी महापालिका, जिल्हा परिषद किंवा कुठल्याही सरकारी कार्यालयाचं काम करते, त्यांनी माहिती अधिकारात अर्ज करावा. 10 रुपये फी. एजन्सीबरोबरच्या कराराची आणि मंजूर दरपत्रकाची प्रत मागा. स्वतःच्या नावानं भीती वाटत असेल तर नात्यातल्या किंवा ओळखीच्या कुणालाही टाकू दे, अर्ज कुणीही नागरिक करू शकतो. खासगीतल्यांना हा रस्ता नाही. त्यांनी उद्यम नोंदणी करून घ्या, करार सही करण्याआधी वाचा, पैसे कधी आणि नोटीस किती ही दोन कलमं आधी शोधा. आणि एकाच टेबलावरचे चार जण असाल तर एकमेकांना आपला दर सांगा. दर लपवून आपला काहीच फायदा होत नाही, हे काकांच्या शेजाऱ्यांना माहीत होतं.

पण एकट्यानं जाऊन बोलू नका. चार जण मिळून जा. हे मी त्या मुलाला सांगायला हवं होतं.

त्याला तीन महिन्यांनी वसई पूर्वेला एका युनिटमध्ये काम मिळालं. पुन्हा एजन्सीतर्फेच. परवा नालासोपाऱ्याच्या पुलावर भेटला. रागावलेला नव्हता, उलट चहा त्यानंच पाजला. निघताना म्हणाला, "दादा, इथे आम्ही पाच जण आहोत. पाचही जणांचे दर मी एका वहीत लिहून ठेवलेत."

तुमचा अनुभव कमेंटमध्ये लिहा. एजन्सीचं, कंपनीचं नाव घालू नका, स्वतःची नोकरी आधी सांभाळा. फक्त दोन आकडे लिहा: तुम्हाला किती मिळतात आणि, ठाऊक असेल तर, तुमच्यासाठी किती घेतले जातात. दुसरा आकडा ठाऊक नसेल तर तिथे एक प्रश्नचिन्ह टाका. किती प्रश्नचिन्हं जमतात ते बघू.